घर पुण्यात, बेस दुबईत: पायलटच्या न मोजलेल्या तासांचा हिशेब

पुण्यात राहून दुबईच्या विमान कंपनीत नोकरी करता येते का? ज्या घरात मुलगा किंवा मुलगी पायलट आहे, किंवा व्हायच्या वाटेवर आहे, तिथे हा प्रश्न आज ना उद्या निघतोच. उत्तर सरळ आहे: येते. पण सगळ्यांना नाही, आणि ज्यांना जमते त्यांनाही ती महागात पडते. पैशांपेक्षा झोपेत आणि सुट्ट्यांत. पगाराचे आकडे लोकांना तोंडपाठ असतात. घराच्या दारापासून कॉकपिटच्या दारापर्यंत किती तास जातात हे कुणी विचारत नाही. कायदाही विचारत नाही, आणि सगळी गोम तिथेच आहे.

प्रत्येक पायलटला कंपनी एक गाव नेमून देते, तो त्याचा बेस. ड्यूटी तिथून सुरू होते आणि तिथेच संपते. मधल्या काळात तो लंडनला जाईल नाहीतर नैरोबीला. तिथलं हॉटेल, गाडी, जेवणाचा भत्ता सगळं कंपनी बघते. बेसपर्यंत कसं पोचायचं ते मात्र ज्याचं त्याने पाहायचं. आता एक बारीक फरक लक्षात घ्या. मुंबईच्या पायलटला दिल्लीहून निघणारं विमान चालवायचं आहे म्हणून कंपनीने त्याला प्रवासी म्हणून दिल्लीला पाठवलं, तर ते पोझिशनिंग. क्रूच्या बोलीत डेडहेड. ते तास ड्यूटीत धरतात. तोच माणूस, तेच विमान, तीच खिडकीजवळची सीट. पण तो स्वतःच्या घरून बेसवर चालला असेल तर तो कम्यूट, आणि कागदावर त्याचे तास शून्य.

पुणेकर पायलटला हा अनुभव घ्यायला परदेशी जावं लागत नाही. भारतीय कंपनीत असून मुंबई बेस मिळाला की झालं. एक्स्प्रेसवे साडेचौऱ्याण्णव किलोमीटरचा, हे खरं. पण कोथरूडच्या पार्किंगमधून निघून अंधेरीच्या टर्मिनलवर उतरेपर्यंत चार तास सहज जातात, आणि रविवारी संध्याकाळी खंडाळ्याच्या घाटात किती जातील ते सांगायला ज्योतिषीच हवा. युरोपच्या विमान सुरक्षा संस्थेच्या मार्गदर्शनात एक साधं वाक्य आहे: घरापासून बेसपर्यंतचा प्रवास नेहमीच ९० मिनिटांपेक्षा जास्त होत असेल, तर कर्मचाऱ्याने बेसजवळ तात्पुरत्या मुक्कामाची सोय करण्याचा विचार करावा. या मापाने पुणे–मुंबई पहिल्याच परीक्षेत नापास. म्हणून अंधेरी, मरोळ भागात चार-पाच जणांनी मिळून घेतलेले फ्लॅट असतात. एक जण ड्यूटीवर जातो तेव्हा दुसरा झोपायला येतो. अशा जागेला क्रॅश पॅड म्हणतात. विमानवाल्यांनी हे नाव कसं काय चालवून घेतलं कोण जाणे.

आता बेस दुबई धरा. नकाशावर प्रकरण मुंबईइतकंच सोपं दिसतं, कारण पुण्याहून दुबईचं थेट विमान तीन-साडेतीन तासांत पोचतं. पण पुण्याचा विमानतळ, लोहगाव, हा मुळात हवाई दलाचा तळ. नागरी वाहतूक त्याच्या एका कडेला चालते आणि थेट परदेशी उड्डाणं बोटांवर मोजण्याइतकी आहेत. ड्यूटीच्या वेळेला जुळणारं विमान त्यात असेलच असं नाही. मग मुंबई. चार तास रस्ता, तीन तास आधी विमानतळावर, सव्वातीन तास हवेत, उतरल्यावर पासपोर्ट तपासणी आणि टॅक्सी: दारापासून दारापर्यंत अकरा तास. डिसेंबर २०२५ मध्ये नवी मुंबईचा विमानतळ सुरू झाला. तो पुण्याला जवळ आहे, पण घाटाच्या पलीकडेच आहे.

आता एक काल्पनिक उदाहरण घेऊ. वाकडला राहणारा एक को-पायलट. त्याची युरोपची फ्लाइट आहे, रिपोर्टिंग दुबईच्या वेळेनुसार रात्री २ वाजता, म्हणजे आपल्याकडचे पहाटेचे साडेतीन. सुट्टीचा शेवटचा दिवस मुलांबरोबर घालवावा म्हणून तो त्याच दिवशी दुपारी घरून निघतो. सकाळी ७ ला उठलेला आहे. रिपोर्ट करतो तेव्हा त्याला जागं राहून साडेवीस तास झालेत. सव्वातीनला विमान सुटतं, सात तासांनी उतरतं. कागदावर त्याची ड्यूटी सव्वाआठ तासांची, कुठल्याही देशाच्या नियमात आरामात बसणारी. शरीराच्या हिशेबाने तो उतरताना पावणेएकोणतीस तास जागा आहे. रोस्टर, म्हणजे ड्यूटीचं वेळापत्रक, बनवणाऱ्या सॉफ्टवेअरला यातलं काहीही दिसत नाही, कारण त्याच्या लेखी हा माणूस तीन दिवसांच्या सुट्टीवरून ताजातवाना होऊन आलेला आहे.

जागरणाचा परिणाम किती होतो, यावर ऑस्ट्रेलियातल्या दोन संशोधकांनी १९९७ मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला. सलग १७ तास जागं राहिलेल्या माणसाची हात-डोळ्यांच्या समन्वयाची कामगिरी रक्तात ०.०५ टक्के अल्कोहोल असलेल्या माणसाइतकी घसरते, आणि २४ तासांनी ०.१० टक्क्यांइतकी. भारतात गाडी चालवायला ०.०३ टक्क्यांची मर्यादा आहे. शिवाय पहाटे २ ते ६ या वेळेत शरीर तसंही सगळ्यात मंद असतं. त्या वेळी केलेलं काम आणि दुपारी केलेलं काम एकाच मापाने मोजता येत नाही. पुणे–दुबईवाल्याला एकच सवलत: घड्याळात फक्त दीड तासाचा फरक, त्यामुळे कम्यूटमुळे जेट लॅग होत नाही. युरोपात घर आणि आखातात बेस असलेल्याला तेही सुख नाही.

थोडक्यात, त्या को-पायलटने आदल्या दिवशी निघून दुबईत रात्रभर झोप काढायला हवी होती. जबाबदार पायलट तसंच करतात. पण याचा अर्थ प्रत्येक फेरीला सुट्टीचा एक दिवस जाताना खर्च होतो आणि परतताना किमान अर्धा. महिन्यात नऊ-दहा सुट्ट्या असतील आणि त्या दोन-दोन दिवसांच्या तुकड्यांत पडल्या असतील, तर घरी येऊन चहा प्यायचा आणि बॅग भरायची. त्याच सुट्ट्या सलग पाच-पाच मिळाल्या तर प्रत्येक वेळी साडेतीन दिवस हाती राहतात. म्हणून या लोकांना पगाराच्या स्लिपपेक्षा महिन्याचं रोस्टर जास्त जवळचं. किती सुट्ट्या मिळाल्या यापेक्षा त्या कशा पडल्या हे आधी बघतात.

सुट्ट्या कशा पडतील हे बिडिंगवर, म्हणजे आपल्याला हव्या त्या फ्लाइट आणि सुट्ट्या मागण्याच्या पद्धतीवर ठरतं, आणि बऱ्याच कंपन्यांत बिडिंग सिनिऑरिटीवर चालतं. म्हणजे वीस वर्षं झालेल्या कॅप्टनला सलग सुट्ट्या आणि कालच लागलेल्या को-पायलटला उरलंसुरलं. ज्याला घराची ओढ जास्त, ज्याचं मूल लहान, त्याचाच नंबर शेवटचा. विमानाचा प्रकारही महत्त्वाचा. लांब पल्ल्याच्या मोठ्या विमानांवर महिन्यातून चार-पाच फेऱ्या असतात, तेवढ्याच वेळा बेसवर यावं लागतं. छोट्या विमानांवर, दिवसाला दोन-चार उड्डाणं करून रात्री बेसवरच परतणाऱ्याला, परदेशातून कम्यूट करणं जवळजवळ अशक्यच.

आणि स्टँडबाय. महिन्यातले काही दिवस पायलटला फोनजवळ बसून राहावं लागतं. कुणी आजारी पडलं की बोलावणं येतं आणि ठरावीक वेळात, कधी दीड-दोन तासांत, हजर व्हावं लागतं. हे दिवस घरी काढता येतात, पण घर म्हणजे बेसच्या गावातलं. वाकडच्या गॅलरीत बसून दुबईचा स्टँडबाय करता येत नाही. एखाद्या महिन्यात फोन वाजतच नाही आणि माणूस भाड्याच्या खोलीत छताकडे बघत आठवडा काढतो. अशा घरच्या आईला सोसायटीतल्या काकू विचारतात, "काय गं, तुझा मुलगा दुबईत असतो की पुण्यात?" त्यावर खरं उत्तर एकच आहे: "काकू, निम्मा महिना तो दोन्हीकडे नसतो."

तिकिटाचं काय? लोकांना वाटतं, पायलट म्हणजे फुकट विमान. स्टाफ तिकीट स्वस्त असतं हे खरं, पण ते सबलोड असतं: पैसे भरून आलेले सगळे प्रवासी बसल्यावर जागा उरली तर मिळणार. दिवाळीत आणि मे महिन्यात आखात–भारत विमानांत जागा उरते कुठे? डेक्कन क्वीनच्या पासवाल्याची आणि याची जातकुळी एकच, घर पुण्यात आणि पोट दुसऱ्या गावी; फरक इतकाच की पासवाल्याला बसायला मिळालं नाही तर तो उभ्याने मुंबई गाठतो. विमानात उभं राहता येत नाही. त्यामुळे शहाणे लोक एका नाही तर दोन विमानांचा अवधी हाताशी ठेवून निघतात, किंवा सरळ स्वतःच्या खिशातून कन्फर्म तिकीट काढतात आणि तो खर्च पगारातूनच गेला असं धरून चालतात.

अमेरिकेत ही गोष्ट वेगळी आहे. तिथे कॉकपिटमधल्या जादा सीटवर, जंपसीटवर, दुसऱ्या कंपनीच्या पायलटलाही बसू देण्याची जुनी रीत आहे आणि ओळख पटवायला संगणकीय व्यवस्था आहे. म्हणून तिथले कित्येक पायलट एका राज्यात राहून दुसऱ्या टोकाच्या राज्यात नोकरी करतात. अनेक कंपन्यांच्या करारांत कम्यूटरसाठी कलमही असतं: वेळेवर पोचवणाऱ्या ठरावीक विमानांसाठी नाव नोंदवलं आणि तरी जागा मिळाली नाही, तर गैरहजेरीची शिक्षा नाही. देशांची हद्द ओलांडताना दुसऱ्या कंपनीच्या कॉकपिटची दारं अशी सहसा उघडत नाहीत. शिवाय परदेशी कम्यूट करणारा त्या वेळी क्रू नसतो, साधा प्रवासी असतो. व्हिसा, निवास परवाना, इमिग्रेशनची रांग, सगळं आपल्यासारखंच.

या विषयाकडे जगाचं लक्ष गेलं ते एका अपघातामुळे. १२ फेब्रुवारी २००९ च्या रात्री अमेरिकेत नेवार्कहून बफेलोला चाललेलं कोल्गन एअरचं विमान उतरण्याआधी कोसळलं. विमानातले सगळे ४९ जण आणि खाली घरात असलेला एक माणूस, असे ५० जण गेले. विमानाच्या दोन्ही पायलटांचा बेस नेवार्क. को-पायलट राहत होती देशाच्या दुसऱ्या टोकाला, सिएटलजवळ. आदल्या रात्री मालवाहू विमानांत बसून, मध्ये मेम्फिसला विमान बदलून ती सकाळी नेवार्कला पोचली होती. कॅप्टनचं घर फ्लोरिडात. त्याने आदली रात्र विमानतळावरच्या क्रू रूममध्ये काढली होती. तपासात असंही दिसलं की त्या कंपनीच्या नेवार्क बेसवरच्या १३७ पायलटांपैकी ९३ जण कम्यूटर होते.

इथे सोपा निष्कर्ष काढायचा मोह होतो, पण तपास संस्थेने तो काढला नाही. अपघाताचं मुख्य कारण त्यांनी कॅप्टनची चुकीची प्रतिक्रिया हे दिलं: विमानाचा वेग घसरतोय असा इशारा मिळाल्यावर नाक खाली करायचं, ते त्याने वर ओढलं. थकव्याने दोघांची कामगिरी बिघडली असण्याची शक्यता आहे, पण किती ते ठरवता येत नाही, असं म्हणून ते थांबले. त्यानंतर अमेरिकी संसदेने पायलटांच्या कम्यूटचा खास अभ्यास करवून घेतला. २०११ मध्ये आलेल्या त्या अहवालाने, कम्यूटवर अंतराची मर्यादा घालण्याइतका पुरावा नाही, असं सांगितलं. कारण पटण्यासारखं आहे. दोन हजार किलोमीटरवरून आदल्या दिवशी येऊन आठ तास झोपलेला माणूस आणि वीस किलोमीटरवरून दोन तास ट्रॅफिकमध्ये अडकून आलेला माणूस, यातला जास्त दमलेला कोण? हिंजवडीला नोकरी करणाऱ्यांना हे समजावून सांगायची गरज नाही.

२०१४ पासून अमेरिकेत लागू झालेल्या नियमांनी पायलटला दर उड्डाणाआधी आपण उडवायला तंदुरुस्त आहोत असं लिहून द्यायला लावलं आणि विश्रांती किमान १० तासांची केली, ज्यात ८ तास सलग झोपेची संधी हवी. कम्यूटचे तास मात्र मोजणीबाहेरच राहिले. भारतातही तसंच. डिसेंबर २०२५ मध्ये इंडिगोची उड्डाणं मोठ्या संख्येने रद्द झाली आणि लोहगावलाही प्रवासी ताटकळले, तेव्हा ड्यूटीच्या तासांचे नवे नियम घरोघरी कळले: आठवड्याची विश्रांती ३६ वरून ४८ तास, रात्रीची व्याख्या पहाटे ५ ऐवजी ६ पर्यंत, रात्रीच्या लँडिंगवर कडक मर्यादा. चांगले नियम आहेत. पण तेही पायलट रिपोर्ट करतो तिथून घड्याळ सुरू करतात. त्याआधीचं सगळं त्याच्या सद्सद्विवेकबुद्धीवर सोडलेलं आहे, आणि 'मी थकलोय, आज उडवत नाही' हे म्हणणं, तेही स्वतःच्या मर्जीने लांब राहतोय म्हणून थकलेल्या माणसाने कंपनीला सांगणं, किती अवघड असेल याचा अंदाज कुठल्याही नोकरदाराला करता येईल. माझ्या मते या साऱ्या व्यवस्थेतली सगळ्यात कच्ची जागा ही आहे.

सगळ्यात सुटसुटीत तोडगा म्हणजे कम्यूटिंग करार. काही कंपन्या परदेशी पायलटांना असा करार देतात: काही आठवडे सलग काम, मग दोनेक आठवडे सलग सुट्टी, घरापर्यंतचं तिकीट कंपनीचं. बदल्यात पगार थोडा कमी. गंमत अशी की याचा लाभ घेणारे लोक आपल्याकडेच येतात. भारतीय कंपन्यांनी डीजीसीए या सरकारी विमान वाहतूक नियामकाकडून तात्पुरती परवानगी मिळवून परदेशी कॅप्टन अशा करारांवर आणले आहेत. आखातातल्या मोठ्या कंपन्यांचा कल मात्र पायलटने कुटुंबासह तिथेच राहावं असा असतो. म्हणून तर घर, मुलांच्या शाळेची फी हे पॅकेजमध्ये धरलेलं असतं. बायकोची नोकरी, आईवडिलांचं वय, मुलांची दहावी अशा कारणांनी कुटुंब पुण्यात ठेवणारा पायलट त्या पॅकेजचा अर्धा लाभ सोडून देत असतो.

लायसन्सचं थोडक्यात. विमान ज्या देशात नोंदलेलं, त्या देशाचं लायसन्स किंवा त्या देशाने दिलेली मान्यता लागते. १९४४ च्या शिकागो करारापासूनचा हा नियम आहे. भारतीय विमानांवर नोंदणी क्रमांकाची सुरुवात व्हीटी या अक्षरांनी होते, दुबईच्या विमानांवर ए-सिक्सने. राहता पुण्यात म्हणून भारतीय लायसन्स चालत नाही. उद्या परत यायची शक्यता ठेवायची असेल तर भारतीय लायसन्सही जिवंत ठेवावं लागतं, म्हणजे दोन मेडिकल, दोन ठिकाणचे कागद, आणि सुट्टीतला आणखी एखादा दिवस गेला.

कराचा भाग खोलात शिरण्याजोगा आहे, पण तो तुमच्या सीएकडूनच समजून घ्या. मूळ सूत्र एवढं: आर्थिक वर्षात १८२ किंवा जास्त दिवस भारतात काढले तर तुम्ही निवासी, आणि निवासी माणसाचं सामान्यतः जगभरातलं उत्पन्न इथे करपात्र. भारतातलं उत्पन्न १५ लाखांच्या वर असेल, पुण्यात दोन-तीन फ्लॅट भाड्याने दिलेल्यांचं असू शकतं, तर मर्यादा १२० दिवसांपर्यंत खाली येऊ शकते. दिवस शरीराने इथे असण्यावर मोजतात, त्यामुळे ड्यूटीवर असताना मुंबईत लेओव्हर, म्हणजे दोन फ्लाइटमधला मुक्काम, पडला तर तोही यात येतो. दर सुट्टीला घरी धावणारा पायलट वर्षाअखेरीस या रेषेच्या किती जवळ पोचला, हे त्याला मार्चमध्ये कळून उपयोग नाही. युरोपात प्रश्न वेगळ्या अंगाने सुटला: २०१२ पासून तिथे क्रूची सामाजिक सुरक्षा कुठल्या देशात भरायची हे त्याच्या बेसवरून ठरतं, घर कुठे आहे त्यावरून नाही.

आणखी एक गोष्ट मुलाखतीत कुणी विचारत नाही: रस्ताच बंद झाला तर? भारताने २३ मार्च २०२० ला नियमित आंतरराष्ट्रीय उड्डाणं थांबवली, ती २७ मार्च २०२२ ला पुन्हा सुरू झाली. मधल्या दोन वर्षांत विशेष करारांखालची मोजकी विमानं होती. त्यातच १६ ते २९ ऑक्टोबर २०२१ या चौदा दिवसांत धावपट्टीच्या कामासाठी लोहगाव पूर्ण बंद होतं. अशा वेळी बेसवर पोचण्याची जबाबदारी कुणाची, हे करारात लिहिलेलं असतं, आणि बहुतेकदा ती पायलटचीच असते.

तेव्हा परदेशी ऑफर हातात आली की पगाराचं पान उलटून पुढची पानं वाचा. सुट्ट्या सलग मिळण्याची हमी आहे की नुसती 'प्रयत्न करू' अशी भाषा आहे? घरचं तिकीट कन्फर्म की सबलोड, आणि वर्षात किती? महिन्याला स्टँडबाय किती दिवस? थकव्याचं कारण देऊन फ्लाइट नाकारली तर पगार कापतात का? भारतीय कंपनी सोडताना लागणारी नोटीस, कॅप्टनला वर्षाची आणि को-पायलटला सहा महिन्यांची, नवी कंपनी तेवढी थांबणार आहे का? आणि बेस बदलण्याचा अधिकार कंपनीकडे असेल तर किती दिवसांची सूचना देऊन? कारण पुणे–दुबईचं गणित कसंबसं जमवलेल्या माणसाला कंपनीने उद्या तिसऱ्याच गावचा बेस दिला, तर हा सगळा हिशेब पहिल्यापासून मांडावा लागतो.